विकत घेतलेली क्षमा

दानधर्माच्या नानाविध प्रकारांत २०१२ सालापासून अमेरिकेंत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. ज्याचें तोंड दात्यानें कधीं पाहिलें नाहीं व पुढेंही पाहण्याचा संभव नाहीं, अशा परक्या मनुष्याचें थकलेलें कर्ज बाजारांतून विकत घ्यावयाचें आणि घेतल्याबरोबर तें सोडून द्यावयाचें, असें या दानाचें स्वरूप आहे. अन्नदान, वस्त्रदान किंवा विद्यादान यांपेक्षां हें दान फारच स्वस्त पडतें. कारण शंभर डॉलरांचें जुनें कर्ज एका डॉलरास, आणि प्रसंगीं त्याहूनही कमी किंमतीस, मिळूं शकतें. एक डॉलर खर्चून शंभर डॉलरांचें पुण्य पदरीं पडतें, असा हिशेब दात्यांपुढें मांडण्यांत येतो आणि तो त्यांना पटतो. वर्तमानपत्रें या दानाची स्तुति करितात, चर्चमधील भाविक त्यासाठीं वर्गणी जमवितात, आणि शहरांचीं व जिल्ह्यांचीं सरकारेंही त्यांत पैसा घालूं लागलीं आहेत. या स्तुतींत सूर मिळविण्यास आम्ही तयार नाहीं. या व्यवहारांत दया आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु जें ऋणकोला हक्कानें मिळावयास हवें तें त्याला भिक्षा म्हणून मिळतें, आणि ज्यानें जाब द्यावयाचा तो धनको चार पैसे पदरांत पाडून निर्दोष सुटतो, असा आमचा आक्षेप आहे.

हा आक्षेप समजण्यास, ज्या बाजारांत हीं कर्जें विकलीं जातात त्याची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. विमा नसलेला, किंवा विमा असूनही त्यांतील अटींमुळें बराचसा खर्च स्वतःच्या अंगावर आलेला अमेरिकन रोगी रुग्णालयांतून घरीं येतो, आणि त्याच्या मागून बिलें येऊं लागतात. तीं थकलीं म्हणजे रुग्णालय प्रथम स्वतः व मग वसुलीच्या कंपनीमार्फत तगादा लावतें. त्यानेंही पैसे निघाले नाहींत तर अशा हजारों बिलांचा एक गठ्ठा करून तो विकण्यांत येतो. गठ्ठा म्हणजे मुख्यतः नांवें, पत्ते व रकमा यांची एक यादी. मूळ कागदपत्रें बहुधा तिच्याबरोबर येत नाहींत. तरी यादी विकत घेणाऱ्यास मूळ धनकोचा अधिकार प्राप्त होतो. त्यानें एक डॉलर दिला असला तरी तो शंभर मागूं शकतो. फेडरल ट्रेड कमिशननें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, सर्व प्रकारचीं कर्जें धरून मोठ्या खरेदीदारांनीं दर डॉलरामागें सरासरी ४ सेंट दिले होते, असें आढळून आलें. औषधोपचाराचीं जुनीं कर्जें याहूनही स्वस्त असतात. हा माल थोडाथोडका नव्हे. ग्राहकांच्या संरक्षणासाठीं नेमलेल्या सरकारी खात्यानें २०२२ सालीं दिलेल्या आंकड्याप्रमाणें, अमेरिकन लोकांच्या पतनोंदींवर चढलेलीं वैद्यकीय कर्जें ८,८०० कोटी डॉलरांचीं होतीं.

या बाजारांत धर्मबुद्धीचा खरेदीदार प्रथम उतरला तो २०१२ च्या नोव्हेंबरांत. 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' या चळवळींतून निघालेल्या कार्यकर्त्यांनीं 'रोलिंग जुबिली' नांवाची योजना काढली. दर पन्नासाव्या वर्षीं दास मुक्त व्हावे व विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, अशी जी आज्ञा यहुदी धर्मशास्त्रांत आहे तिच्यावरून हें नांव घेतलें होतें. सुमारे ७ लक्ष डॉलर वर्गणींतून या मंडळीनें ३ कोटी डॉलरांहून अधिक कर्ज नाहींसें केलें. २०१४ सालीं जेरी ॲश्टन व क्रेग अँटिको या, वसुलीच्याच धंद्यांत मुरलेल्या, दोन गृहस्थांनीं 'आर. आय. पी. मेडिकल डेट' ही संस्था स्थापिली. तिचें नांव २०२४ पासून 'अनड्यू मेडिकल डेट' असें झालें आहे. २०१६ च्या जूनमध्यें जॉन ऑलिव्हर या विनोदी वक्त्यानें आपल्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठीं जवळजवळ दीड कोटी डॉलरांचें, सुमारें ९,००० लोकांचें कर्ज अवघ्या ६०,००० डॉलरांस घेऊन याच संस्थेमार्फत सोडून दिलें. २०२० सालीं मॅकेन्झी स्कॉट या धनाढ्य बाईंनीं संस्थेस ५ कोटी डॉलर दिले. पुढें शिकागो शहर ज्या कुक काउंटींत आहे तिनें २०२२ सालीं १ कोटी २० लक्ष डॉलर, व न्यूयॉर्क शहरानें २०२४ सालीं १ कोटी ८० लक्ष डॉलर या कामासाठीं काढल्याचें जाहीर केलें.

या प्रकारावर जो आक्षेप सर्वांच्या आधीं घेतला जातो तो आमचा नव्हे, हें प्रथमच सांगणें बरें. कर्जें अशीं माफ होऊं लागलीं तर लोक कर्ज बुडविण्यास शिकतील व व्यवहारांतील सचोटी लयास जाईल, असें कांहीं व्यवहारचतुर लोक म्हणतात. परंतु येथें ऋणकोनें अर्ज करावयाचा नसतो. आपलें नांव कोणत्या गठ्ठ्यांत आहे व तो गठ्ठा कोण घेणार आहे, हें त्याला कळण्यास मार्ग नसतो. एके दिवशीं अकस्मात् एक पत्र येतें आणि त्याचें देणें संपल्याचें त्याला समजतें. सोडतींत बक्षीस लागेल या आशेनें कोणी आपला पाय मोडून घेत नाहीं. शिवाय हें कर्ज चैनीसाठीं काढलेलें नसतें; किंमत ठरविण्याची मुभा नसलेल्या मनुष्यानें, वेदनेच्या घटकेस, जीव वांचविण्यासाठीं तें पत्करलेलें असतें. तेव्हां सचोटीचें हें प्रवचन चुकीच्या श्रोत्यापुढें चाललें आहे.

आतां आमच्या आक्षेपाकडे वळूं. क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचें येणें असेल त्याचा. आणि त्या क्षमेचें मोल किती? सोडणाऱ्याला जितकें सोडावें लागलें तितकें. महाराष्ट्रांत या विषयाचा एक दाखला घरोघर ठाऊक आहे. तुकोबारायांच्या घरीं सावकारी होती. विरक्ति आल्यावर त्यांनीं खतांचे दोन भाग केले, एक भाग धाकटे बंधु कान्होबा यांस दिला आणि उरलेला इंद्रायणींत सोडून दिला, अशी परंपरा आहे. या कथेंत पाण्यांत गेलेल्या कागदांची आठवण सर्वांना असते. बंधूला दिलेल्या कागदांची फारशी कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक कथेचें मर्म दोहोंत मिळून आहे. जें आपलें होतें तें तुकोबांनीं पुरतें सोडलें, आणि जें दुसऱ्याचें होतें त्यावर ते उदार झाले नाहींत. अमेरिकेंतील या नव्या क्षमेंत नेमकें उलट घडतें. ज्याचें येणें होतें तो कांहींच सोडीत नाहीं. उलट, बुडीत धरलेल्या येण्याचे चार पैसे हातीं घेऊन मोकळा होतो. आणि जो सोडतो त्याचें तें येणें कधीं नव्हतेंच. क्षमा करतां यावी एवढ्यापुरता तो घटकाभर सावकार बनलेला असतो.

या घटकाभराच्या सावकारीचा एक परिणाम दात्यांच्या ध्यानांत येत नाहीं. ६०,००० डॉलर खर्च झाले तरी डंका वाजतो तो दीड कोटीचा. आंकडा खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कागदावर तो तसाच आहे. पण बाजारानें ज्या कागदाची किंमत शंभरास एकाहूनही कमी ठरविली, त्याला पुरे शंभर म्हणून मिरविणें म्हणजे मूळ मागणी रास्त होती अशी साक्ष देणें होय. तें बिल वाजवी होतें काय, एवढी रक्कम आकारण्यास आधार काय होता, विम्याच्या कंपनीनें आपला वांटा दिला होता काय, हे सर्व प्रश्न त्या साक्षीनें मिटून जातात. दात्याचें पुण्य जितकें मोठें दिसावयास हवें, तितकें ऋणकोचें देणेंही मोठें व खरें असावें लागतें. म्हणून हें दान धनकोच्या आंकड्याला कधींच आव्हान देत नाहीं. त्याच आंकड्यावर तें उभें असतें.

धनको कोण हेंही पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील पुष्कळ रुग्णालयें धर्मादाय म्हणून नोंदलेलीं आहेत व त्या नांवावर तीं करमुक्त आहेत. गरीब रोग्यांना बिलांत सूट देण्याचें लेखी धोरण अशा रुग्णालयांनीं ठेवावें, असें २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यानें त्यांच्यावर बंधन घातलें आहे. मग अशा रुग्णालयाचा एखादा दरिद्री रोगी विक्रीच्या यादींत सांपडला, तर पहिला प्रश्न हा विचारावयास हवा कीं, समाजानें ज्या कामासाठीं तुम्हांस कर माफ केला तें काम या मनुष्याच्या बाबतींत कां झालें नाहीं? दयाळू खरेदीदार येऊन गठ्ठा उचलतो आणि हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वींच फाईल बंद होते. रोगी सुटतो हें चांगलें झालें. पण रुग्णालयही सुटतें. आणि पुढच्या महिन्यांत तेथें जो रोगी जाईल त्याचें बिल पूर्वींच्याच रीतीनें तयार होतें.

परंतु या सर्वांहून आम्हांस खटकणारी गोष्ट किंमतीची आहे. जें कर्ज परक्याला एका डॉलरास मिळतें, तें खुद्द ऋणकोला त्या किंमतीस कां मिळूं नये? वसुलीवाल्याला मिळतें, विनोदी वक्त्याला मिळतें, चर्चला मिळतें. ज्याच्या मानेभोंवतीं तो फांस आहे त्या एकट्यालाच मिळत नाहीं. त्याच्याकडे मागणी होते ती शंभरांची. तडजोड झाली तरी ती धनकोच्या मर्जीनें, आणि कागद बाजारांत किती पैशांस गेला हें त्याच्यापासून गुप्त ठेवून. भाड्याच्या घरांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुळास तें घर विकत घेण्याचा पहिला मान द्यावा, हें आपण सहज समजतों. मग मनुष्य ज्या कर्जाच्या छायेंत राहतो, त्यावर त्याचा पहिला हक्क मानण्यांत अवघड काय आहे?

हा विचार आमच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. रोमन बादशहा ॲनास्टेशियस यानें ५०६ सालीं असा कायदा केला कीं, दुसऱ्याचें येणें विकत घेणाऱ्यानें ऋणकोकडून आपण दिलेली किंमत व तिच्यावरील व्याज यांहून अधिक वसूल करूं नये. जस्टिनियनच्या संहितेंत हा नियम कायम राहिला. फ्रान्सच्या दिवाणी संहितेचें १६९९ वें कलम आजही सांगतें कीं, ज्या हक्काविषयीं वाद चालू आहे तो कोणीं विकत घेतला, तर ज्याच्याविरुद्ध तो हक्क आहे त्यानें खरेदीची किंमत, खर्च व व्याज देऊन मोकळें व्हावें. आणि दूर कशाला जावें? आपल्याच देशांत १८८२ सालीं मालमत्तेच्या हस्तांतरणाचा जो कायदा झाला, त्याच्या मूळ १३५ व्या कलमांत हेंच तत्त्व होतें: येणें विकलें गेल्यास, कांहीं अपवाद सोडून, ऋणकोनें खरेदीदारास त्याची किंमत, विक्रीचा खर्च व व्याज दिलें कीं तो पूर्णपणें मुक्त. १९०० सालच्या दुरुस्तीनें तें कलम गेलें. हे कायदे दयेपोटीं झाले नव्हते. दुसऱ्याच्या अडचणीचे कागद स्वस्तांत गोळा करून त्यांवर धंदा करणाऱ्यांस आळा घालावा, एवढाच त्यांचा व्यवहारी हेतु होता. परंतु त्या व्यवहारी बुद्धीनें ऋणकोला जो हक्क दिला होता, तो काढून घेतल्यावर त्याच्याच जागीं आज ही भिक्षा येऊन बसली आहे, आणि आपण तिला नवी कल्पना म्हणून नांवाजतों.

यावर एक उत्तर येईल व तें अगदींच टाकाऊ नाहीं. शंभरास एक ही एका कर्जाची किंमत नसून सबंध गठ्ठ्याची सरासरी आहे, असें ते म्हणतील. गठ्ठ्यांतील बहुतेक लोक कांहींच देणार नाहींत, थोडे बरेंच देतील, आणि खरेदीदार त्या थोड्यांवर आपला हिशेब बसवितो. प्रत्येकाला एका डॉलरांत सोडलें तर जे देऊं शकतात तेही स्वस्तांत सुटतील. हिशेब म्हणून हें बरोबर आहे. परंतु हे 'थोडे' कोण, याचा विचार करावा. ज्याच्याकडे कांहींच नाहीं तो देत नाहीं. ज्याला कायदा ठाऊक आहे तो कागदपत्रें मागतो, आणि बहुधा त्याचा पाठलाग थांबतो. उरतो तो भित्रा किंवा भिडस्त मनुष्य: टेलिफोनची घंटा वाजली कीं दचकणारी विधवा, देणें ठेवून मरूं नये असें मानणारा म्हातारा मजूर. सरासरी एक डॉलर पडते ती अशांनीं भरलेल्या शंभरांच्या जोरावर. म्हणजे या बाजाराचा सगळा नफा सचोटीच्या मनुष्याच्या सचोटींतून निघतो. आणि सचोटी लयास जाईल म्हणून ज्यांना चिंता पडली आहे, त्यांना हें मात्र दिसत नाहीं. ऋणको मुद्दाम वाट पाहत बसेल, ही भीतिही पोकळ आहे. कर्जाची किंमत एका डॉलरावर येईपर्यंत तगाद्याचीं व बुडालेल्या पतीचीं जीं वर्षें काढावीं लागतात, तीं नफ्यासाठीं कोणी काढीत नाहीं. शिवाय धनकोला विकण्याची सक्ति नाहीं. त्यानें स्वतः वसुली करावी, न्यायालयांत जावें. पण विकावयाचें ठरविलें तर ज्या भावानें परक्यास देतो त्या भावानें आधीं ऋणकोला विचारावें, इतकेंच आमचें मागणें आहे.

दुसरी उणीव चौकशीची. गठ्ठ्यानें घेतलेली क्षमा गठ्ठ्यानेंच दिली जाते. तींत कोणतें कर्ज खरें व कोणतें खोटें याची निवड होत नाहीं. या बाबतींत महाराष्ट्राचा अनुभव दीडशें वर्षांचा जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, आणि दंगा नगर जिल्ह्यांतही पसरला. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः खतांवर होता; खतें हिसकावून घ्यावींत व जाळावींत, हेंच त्यांना हवें होतें. ज्याला लिहितां-वाचतां येत नाहीं त्यानें अंगठा उठविलेल्या कागदावर काय लिहिलें आहे, हें विचारण्याची सोय त्या वेळच्या न्यायालयांत नव्हती. सरकारनें आयोग नेमला, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला त्यानें न्यायाधीशास अधिकार दिला कीं, खत समोर आलें तरी तेवढ्यावर न थांबतां त्याच्या मागें जावें, मूळ मुद्दल किती व व्याज किती हें व्यवहाराच्या आरंभापासून तपासावें. दामदुपटीचा आपला जुना नियमही याच जातीचा: एका वेळीं मागितलेलें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. या कायद्याच्या अंमलांत उणिवा राहिल्या असतील. पण त्याचें तोंड योग्य दिशेला होतें. तो सावकाराला विचारीत होता, तुझा हिशेब दाखव. दयाळू खरेदीदार कोणालाच हिशेब विचारीत नाहीं.

निदान ऋणकोचें भलें तरी होतें ना, असें वाचक विचारतील. याची परीक्षा झालेली आहे. २०१८ ते २०२० या काळांत ८३,४०१ लोकांचें १६ कोटी ९० लक्ष डॉलरांचें वैद्यकीय कर्ज वरील संस्थेमार्फत सोडण्यांत आलें, आणि ज्यांचें कर्ज सुटलें व ज्यांचें सुटलें नाहीं अशांची तुलना चार अर्थशास्त्रज्ञांनीं केली. त्यांचा निबंध २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. सरासरीनें पाहतां आर्थिक अडचण, मनःस्वास्थ्य किंवा औषधोपचार घेण्याची संवय यांत सुधारणा दिसली नाहीं. कांहीं गटांत मनःस्थितीवर प्रतिकूल परिणाम आढळला. हा निष्कर्ष ऐकून कर्जमुक्तीच निरर्थक आहे असें जे म्हणूं लागले ते घाई करितात. जें देणें कोणी देणार नव्हतें, जें बाजारानेंच मेलेलें ठरविलें होतें, तें नाहींसें केल्यानें घरांत काय बदलणार? घाव बसला तो पहिल्या वर्षीं: भाडें थकलें तेव्हां, औषध अर्धें घेतलें तेव्हां, तगाद्यानें झोंप उडाली तेव्हां. क्षमा आली ती व्रण सुकून कातडें निबर झाल्यावर. स्वस्तपणा व उशीर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत; कर्ज स्वस्त मिळतें तें उशीर झाला म्हणूनच. संस्थेलाही याची जाणीव असावी. ती आतां थेट रुग्णालयांकडूनही कर्जें घेते. परंतु खरेदी जितकी लवकर करावी तितकी महाग पडते, आणि 'एका डॉलरांत शंभर' हा मोहक हिशेब तितका ढासळतो.

मग निराळा मार्ग आहे काय? आहे, आणि तो रोलिंग जुबिलीच्याच इतिहासांत सांपडतो. कॉरिंथियन नांवाच्या नफेखोर शिक्षणकंपनीनें हजारों तरुणांना खोट्या आशा दाखवून कर्जबाजारी केलें होतें. त्यांपैकीं २,७०० वर विद्यार्थ्यांचें सुमारें ३८ लक्ष डॉलरांचें खासगी कर्ज या मंडळीनें २०१४ च्या सप्टेंबरांत लाखभर डॉलरांस घेऊन सोडून दिलें. परंतु त्यांच्या लक्षांत आलें कीं, सरकारी कर्जें बाजारांत मिळत नाहींत, आणि एकेक गठ्ठा घेत बसल्यास हें काम युगानुयुगें पुरणार नाहीं. तेव्हां त्यांनीं खरेदी थांबविली व ऋणकोंना संघटित करण्याचें काम हातीं घेतलें. २०१५ च्या फेब्रुवारींत त्याच कंपनीच्या १५ माजी विद्यार्थ्यांनीं, आम्हांस फसविण्यांत आलें, म्हणून आम्ही हें कर्ज फेडणार नाहीं, असें उघडपणें जाहीर केलें. फसविल्या गेलेल्या विद्यार्थ्यास कर्जांतून मुक्तता मागण्याची तरतूद कायद्यांत होतीच. फारशी कोणी ती मागितली नव्हती. पुढें इतर चौकश्या व खटले यांचाही भार पडला, आणि २०२२ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें त्या कंपनीच्या ५,६०,००० विद्यार्थ्यांचें उरलेलें ५८० कोटी डॉलरांचें कर्ज रद्द केलें. खरेदीनें ३८ लक्ष सुटले. मागणीनें ५८० कोटी. आंकड्यांतील हा फरक मोठाच आहे, पण त्याहून मोठा फरक मनुष्याच्या स्थितींत आहे. पहिल्या प्रकारांत त्याला कृतज्ञ व्हावें लागलें. दुसऱ्यांत त्याचें म्हणणें खरें ठरलें.

दुसरा दाखला नॉर्थ कॅरोलिना या राज्याचा. तेथील सरकारनें २०२४ सालीं रुग्णालयांस सांगितलें कीं, सरकारी आरोग्ययोजनेंतून तुम्हांस वाढीव रकमा हव्या असतील तर गरीब रोग्यांचीं २०१४ पासूनचीं कर्जें तुम्हींच सोडा, पुढें अशा रोग्यांस बिलांत सूट द्या व त्यांचीं नांवें पतनोंदींत कळवूं नका. त्या वर्षींच्या ऑगस्टपर्यंत राज्यांतील सर्व ९९ पात्र रुग्णालयांनीं हें मान्य केलें. यांतही सार्वजनिक पैसा जातोच; पण तो जातो तेव्हां धनकोच्या वर्तनाची अट घालून जातो. कागद विकणाऱ्याला दिलेला पैसा कोणतीच अट घालीत नाहीं.

हा सगळा दूरदेशींचा विषय आहे, असें मानून स्वस्थ बसण्याचें आपणांस कारण नाहीं. कर्जमाफी हा शब्द आपल्या राजकारणांत रोजचा आहे. २००८ सालच्या केंद्रीय माफीचा भार सरकारनें उचलला व बँकांना त्यांचें येणें सरकारी तिजोरींतून मिळालें. शेतकरी त्या कर्जापर्यंत कसा आला हा प्रश्न माफीच्या घोषणेंत बुडून गेला. दुसरीकडे, २००२ च्या कायद्यानें थकलेलीं कर्जें विकत घेणाऱ्या पुनर्रचना-कंपन्यांना आपल्याकडेही कायदेशीर स्थान दिलें आहे, आणि त्या हीं कर्जें दर्शनी रकमेहून कमी किंमतीस घेतात. उद्यां एखादा उदार धनिक आपल्याकडेही असा गठ्ठा घेऊन सोडून देईल व आपण त्याला हार घालूं. हार जरूर घालावा. पण त्याच सभेंत कोणी उठून विचारावें कीं, ही किंमत ऋणकोला कां सांगितली नव्हती?

दात्यांनीं हें काम सोडून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. बुडणाऱ्यास हात देणाऱ्याला, आधीं धरण कां बांधलें नाहीं, असें विचारणें मूर्खपणाचें आहे. परंतु दान करावयाचें तर तीन गोष्टी कराव्या. दर्शनी रकमेचा डंका न वाजवितां आपण प्रत्यक्ष किती दिले तें सांगावें. कोणत्या रुग्णालयानें कोणत्या भावानें आपल्या रोग्यांचे कागद विकले तें, रोग्यांचीं नांवें राखून, जाहीर करावें. विकणाऱ्यास हें नको असेल तर कां नको, हेंही लोकांस कळावें. आणि वर्गणीचा एक भाग तरी तो कायदा पुन्हां आणण्यासाठीं खर्च करावा, ज्यानें ऋणकोला आपलें कर्ज खरेदीच्या भावानें फेडतां येईल. हें करण्यास जो दाता तयार होणार नाहीं त्याला ऋणकोच्या मुक्ततेपेक्षां स्वतःच्या औदार्याचें सुख अधिक प्रिय आहे, असें आम्ही समजूं. ऋणकोला उपकारकर्ता नको आहे. त्याला हिशेब हवा आहे, आणि हिशेबांत त्याचें देणें जितकें निघेल तितकें फेडण्याची संधि हवी आहे. ती देणें हें समाजाचें कर्तव्य आहे, आणि तें वर्गणी काढून फिटणारें नाहीं.